काखेत कळसा : वायरलेस माईक मध्येच का गायब होतो?

(या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना झालेली अडखळ काढली आहे, बाकी भाषा बोलली तशीच ठेवली आहे.)

मागच्या भागात आपण घरातल्या वायफायबद्दल बोललो होतो. त्यानंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला. गॅदरिंगला, कीर्तनाला, सोसायटीच्या गणपतीत वायरलेस माईक मध्येच खरखरतो किंवा बंदच पडतो, त्याला काय करायचं? तर आजचा भाग त्यावर. या विषयावर बोलायचा मला थोडा अधिकार आहे, कारण मी एक कार्यक्रम याच कारणानं स्वतःच्या हातानं बिघडवलाय. तिथूनच सुरुवात करतो.

मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो, पण आमच्या काकांचा तालुक्याच्या गावी मांडव आणि साउंडचा धंदा आहे. लहानपणापासून सुट्टीत त्यांच्या टेम्पोत बसून केबल गुंडाळणं हे माझं काम. नोकरी लागल्यावर मी हौसेनं काकांना तीन वायरलेस माईकचे सेट घेऊन दिले. दोन हातात धरायचे, एक कॉलरचा. काका म्हणाले, "वायर बरी असते रे. वायर तुटली तर दिसते तरी." मी हसलो. इंजिनिअर झालेला पुतण्या काकांचं असलं म्हणणं मनावर घेत नाही.

त्यानंतर दोन महिन्यांनी आमच्या शाळेत गणिताच्या बाईंचा सेवापूर्ती समारंभ होता. बाईंनी मला आठवी ते दहावी शिकवलंय. साउंड काकांचं, आणि त्या दिवशी मिक्सरवर मी. हॉलमध्ये चारशे माणसं. माजी विद्यार्थी कुठून कुठून आलेले. सूत्रसंचालकाचं झालं, पाहुण्यांचं झालं, मग बाई उभ्या राहिल्या. कॉलर माईक लावला होता, म्हणजे हात मोकळे. छान बोलत होत्या. मग म्हणाल्या, "एक गोष्ट आज पहिल्यांदाच सांगते. सातव्या वर्षी मी ही नोकरी सोडायचं ठरवलं होतं. राजीनामा लिहून पर्समध्ये ठेवला होता. आणि त्या दिवशी वर्गात..."

आणि खर्रर्र. आवाज गेला. आला, परत गेला. मी फेडर वर केला तर खरखर वाढली. काका धावत आले. बाईंना काही कळलं नाही, त्या बोलतच राहिल्या. एक मिनिटभर असेल. आवाज आला तेव्हा त्या म्हणत होत्या, "...म्हणून मी राहिले." लोकांनी टाळ्या वाजवल्या. कशासाठी वाजवल्या ते पहिल्या दोन रांगा सोडून कुणालाच माहीत नव्हतं.

कार्यक्रम संपल्यावर नेहमीचं सुरू झालं. कुणी म्हणालं मोबाईल बंद करायला सांगायला हवे होते. कुणी म्हणालं शाळेमागे नवीन टॉवर झालाय. काका म्हणाले माल हलका निघाला. मी मान हलवली. खरं तर यातलं काहीच नव्हतं. आम्ही चोर सोडून संन्याशाला सुळी देत होतो.

गोडाऊनमधला रविवार

पुढच्या रविवारी मी तिन्ही सेट काकांच्या गोडाऊनमध्ये मांडले. एकेक माईक चालू करून बोललो. उत्तम. साउंडचेकलाही आम्ही हेच केलं होतं. एक चालू, त्याची तपासणी, बंद. दुसरा चालू, तपासणी, बंद. तिन्ही पास.

मग म्हटलं, कार्यक्रमात जसं होतं तसंच करून बघू. सूत्रसंचालकाचा आणि पाहुण्यांचा माईक त्या वेळी टेबलावर शेजारी शेजारी पडलेले होते, म्यूट केलेले. तसेच ठेवले. आणि बाईंचा कॉलर माईक पूर्ण बंद केला. आता बाईंच्या रिसिव्हरवर काहीच दिसायला नको, बरोबर? पण त्याच्या सिग्नलच्या पाचपैकी तीन काड्या पेटलेल्या! माईक बंद आहे, बॅटरी काढून हातात आहे, आणि रिसिव्हर म्हणतोय मला सिग्नल येतोय. टेबलावरचा एक माईक उचलून गोडाऊनच्या दुसऱ्या टोकाला नेला, काड्या गेल्या. परत आणून ठेवला, काड्या परत आल्या.

म्हणजे बाईंचा आवाज खाणारा बाहेरचा कुणी नव्हता. आमचेच दोन माईक मिळून तो खात होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. आजच्या भागातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. वायरलेस माईकच्या त्रासात पहिला संशय टॉवरवर नाही, मोबाईलवर नाही, आपल्याच बाकीच्या माईकवर घ्यायचा.

दोन माईक मिळून तिसरा कसा तयार होतो

आता हे होतं कसं? वायरलेस माईक म्हणजे छोटं रेडिओ स्टेशन. त्याची एक फ्रिक्वेन्सी असते आणि रिसिव्हर तेवढीच ऐकत बसतो. त्या फ्रिक्वेन्सीवर बोलतंय कोण हे साध्या ॲनालॉग रिसिव्हरला कळत नाही. जो जोरात तो त्याचा. दोघं साधारण सारख्याच जोराचे असतील तर खरखर, तुटक आवाज, मध्येच शांतता.

मी तिन्ही माईकना फ्रिक्वेन्सी दिल्या होत्या ५४०, ५४१ आणि ५४२ मेगाहर्ट्झ. प्रोग्रामर माणूस, मला नीटनेटके आकडे आवडतात. तिघांत एकेक मेगाहर्ट्झचं अंतर, कुणी कुणाच्या अंगावर नाही. दिसायला एकदम व्यवस्थित. आणि चूक नेमकी तिथेच होती.

जत्रेतला भोंगा आठवा. एकच माणूस बेतानं बोलला तर त्यातून बरा आवाज येतो. दोघं एकदम जोरात ओरडले की भोंगा त्या दोन आवाजांचं मिश्रण करून भलतेच सूर बाहेर फेकतो, जे दोघांपैकी कुणीच काढलेले नसतात. माईकच्या आतल्या ट्रान्समीटरचंही असंच आहे. दोन चालू माईक एकमेकांना चिकटून ठेवले की एकाची लहर दुसऱ्याच्या सर्किटमध्ये घुसते, आणि तिथून नव्या फ्रिक्वेन्सी तयार होऊन बाहेर पडतात. सिग्नल फार जवळून आणि जोरात आला तर रिसिव्हरच्या आतही हेच होतं. याला इंटरमॉड्युलेशन म्हणतात.

या नव्या फ्रिक्वेन्सी कुठे पडतात याचा हिशोब शाळेतल्या बेरीज-वजाबाकीचा आहे. सगळ्यात त्रासदायक असते ती अशी काढायची. एका माईकची फ्रिक्वेन्सी दुप्पट करा आणि त्यातून दुसऱ्याची वजा करा. ५४१ ची दुप्पट १०८२. वजा ५४०. उत्तर ५४२. बाईंची फ्रिक्वेन्सी! टेबलावर निवांत पडलेले दोन माईक मिळून बरोबर बाईंच्या जागेवर बोलत होते.

इथे एक गोष्ट खास सांगतो, कारण नव्वद टक्के लोकांप्रमाणे माझाही हाच गैरसमज होता. बरं, नव्वद टक्के हा माझा अंदाज, मोजलेलं नाही. म्यूट केलेला माईक बंद नसतो. म्यूटच्या बटणानं फक्त आवाज थांबतो, रेडिओ लहर चालूच राहते. खिशात, टेबलावर, पिशवीत तो माईक प्रक्षेपण करतच असतो.

मग हा त्रास आधी का दिसला नाही? पाहुणे आणि सूत्रसंचालक बोलत होते तेव्हा माईक एकमेकांपासून लांब होते आणि तोंडाशी धरलेले असल्यामुळे त्यांचा सिग्नल जोरदार होता. बाई उभ्या राहिल्या तेव्हा ते दोन्ही टेबलावर चिकटले. त्यात बाईंचा ट्रान्समीटर कमरेला, पदराखाली. माणसाच्या शरीरात पाणीच पाणी, आणि पाणी या लहरी शोषून घेतं. बाई मुख्याध्यापकांकडे वळल्या की त्यांचं शरीर ट्रान्समीटर आणि रिसिव्हरच्या मध्ये यायचं. आणि रिसिव्हर? ते मी हॉलच्या मागे, मिक्सरशेजारी, जमिनीवर, लोखंडी कपाटाच्या आडोशाला ठेवले होते. चोवीस मीटर लांब. मध्ये चारशे माणसं. म्हणजे बाईंचा सिग्नल जेवढा कमजोर करता येईल तेवढा मी केला होता.

फ्रिक्वेन्सीचा आराखडा

उपाय काय? मला वाटलं होतं नवीन महागडा सेट घ्यावा लागेल. तसं काही नाही. तिसरा माईक ५४२ ऐवजी ५४३ वर नेला. झालं. एका बटणाचं काम.

तपासून बघा. ५४०, ५४१, ५४३. आता ५४१ ची दुप्पट वजा ५४० म्हणजे ५४२, तिथे कुणीच नाही. ५४३ ची दुप्पट वजा ५४१ म्हणजे ५४५, रिकामं. तिघांचं मिश्रणही होतं, दोघांची बेरीज वजा तिसरा. ५४० अधिक ५४३ वजा ५४१ म्हणजे पुन्हा ५४२. रिकामंच. तीन माईकमध्ये अशी एकूण नऊ मिश्रणं होतात. नऊच्या नऊ तपासली, एकही आपल्या माईकवर पडत नाही.

नियम एवढाच की कुठल्याही दोन माईकमधलं अंतर दुसऱ्या कुठल्याही दोघांमधल्या अंतराएवढं नको. आधी माझ्याकडे १ आणि १ अशी दोन सारखी अंतरं होती. आता १, २ आणि ३, सगळी वेगळी. गंमत म्हणजे हा प्रश्न जुना आहे. १९५३ साली बॅबकॉक यांनी बेल सिस्टिमच्या तांत्रिक नियतकालिकात रेडिओमधल्या याच गोंधळावर लेख लिहिला होता. अशा वेगवेगळ्या अंतरांच्या खुणांना गणितात पुढे गोलोम्बची पट्टी असं नाव पडलं. चार खुणांची पट्टी आहे ०, १, ४, ६. यात कुठल्याही दोन खुणांमधलं अंतर पुन्हा येत नाही. चार माईक असतील तर हीच पट्टी वापरा. एक घर ०.८ मेगाहर्ट्झचं धरलं तर ५४०, ५४०.८, ५४३.२ आणि ५४४.८.

पण माईक वाढले की हा हिशोब हाताबाहेर जातो. तीन माईकची नऊ मिश्रणं, आठ माईकची २२४. ती बोटावर मोजायची नाहीत. मी वीस ओळींचा पायथन प्रोग्राम लिहिला. तुम्हाला तो लिहायची गरज नाही. बहुतेक चांगल्या सेटमध्ये 'ग्रुप' आणि 'चॅनेल' अशी सोय असते. एका ग्रुपमधले चॅनेल कंपनीनं हा हिशोब करूनच निवडलेले असतात. त्यामुळे सगळे माईक एकाच ग्रुपमध्ये ठेवा आणि प्रत्येकाला त्यातला वेगळा चॅनेल द्या. लोक बरोबर उलटं करतात. पहिला माईक ग्रुप एक, दुसरा ग्रुप दोन, म्हणजे लांब लांब राहतील म्हणून. त्यानं कंपनीचा सगळा हिशोब पाण्यात जातो. आणि दोन वेगळ्या कंपन्यांचे सेट एकत्र असतील तर त्यांचे ग्रुप एकमेकांना ओळखत नाहीत. तिथे आकडे कागदावर मांडून हिशोब करावाच लागतो.

बाहेरच्यांचं काय?

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे बाहेरचा त्रास नसतोच का? असतो. पण तो कुठून येतो ते माहीत हवं.

आपले बरेचसे माईक ४७० मेगाहर्ट्झच्या वरच्या यूएचएफ पट्ट्यात चालतात. हा मूळचा टीव्हीचा भाग. पुण्यातल्या लोकांनी सिंहगडावरचा टीव्हीचा मनोरा पाहिलेला असतो. टीव्हीचा एक यूएचएफ चॅनेल आपल्याकडे ८ मेगाहर्ट्झ रुंद असतो. डिजिटल टीव्ही तो अख्खा चॅनेल भरून टाकतो, त्यात माईकला जागा उरत नाही. मुंबईसारख्या शहरात दूरदर्शनचं डिजिटल प्रक्षेपण चालतं, तिथे तेवढा भाग सोडून बसायचं. म्हणून गावी चाललेला सेट मुंबईत तसाच चालेल असं धरू नका.

दुसरं, जुने सेट. ७०३ ते ७४८ आणि ७५८ ते ८०३ मेगाहर्ट्झ या पट्ट्याचा काही भाग २०२२ च्या लिलावात मोबाईलसाठी विकला गेला आणि त्यावर आता फाइव्ह-जी चालतं. कुणाकडे त्या भागातला जुना माईक असेल तर तो दुरुस्त करत बसू नका. माईक बिघडलेला नाही, त्याची जागा गेलीय. अमेरिकेत तर ७०० चा भाग माईकसाठी २०१० मध्ये आणि ६०० चा बराचसा भाग २०२० मध्ये कायद्यानं बंद झाला. तिथून कुणी नातेवाईक स्वस्तात जुना सेट आणून देत असतील तर आधी त्यावरचे आकडे वाचा. आपल्याकडेही यूएचएफ म्हणजे मोकळं रान नाही. फ्रिक्वेन्सीचं नियमन दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी शाखा करते. विकत घेताना दुकानदाराला फ्रिक्वेन्सी आणि मंजुरी या दोन्ही गोष्टी विचारा. 'सगळे वापरतात' हे उत्तर होत नाही.

तिसरं, २.४ गिगाहर्ट्झचे ते छोटे चिमट्याचे माईक, व्हिडिओ करणारे वापरतात ते. हा भाग परवानामुक्त आहे, म्हणून वायफाय, ब्लूटूथ, सगळ्यांची तिथेच गर्दी. दोन माणसांची मुलाखत छान होते. पण रिकाम्या हॉलमध्ये तपासलेला असा माईक भरलेल्या हॉलमध्ये दगा देतो, कारण माणसं येताना शरीरं आणतात आणि खिशात फोनही आणतात. वापरायचाच असेल तर रिसिव्हर स्टेजच्या कडेला, बोलणाऱ्यापासून काही पावलांवर ठेवा आणि हॉलचं वायफाय तेवढा वेळ बंद ठेवायला सांगा.

आणि तो मोबाईलचा 'टिर्र टिर्र टिर्र' आवाज? तो बहुतेक वेळा वायरलेसमधून येतच नाही. मिक्सरच्या शेजारी ठेवलेला फोन जवळच्या केबलमध्ये किंवा ॲम्प्लिफायरमध्ये तो आवाज घुसवतो. फोन दोन हात लांब ठेवा, आवाज जातो. चारशे लोकांचे मोबाईल बंद करायला सांगण्याआधी साउंडवाल्यानं स्वतःचा उचलावा.

रिसिव्हर कुठे ठेवायचा

फ्रिक्वेन्सीनंतर दुसरी मोठी गोष्ट म्हणजे अँटेनाची जागा. साधा नियम असा की माईकमधून अँटेना दिसली पाहिजे. मध्ये माणसं, कपाट, एलईडी स्क्रीन, खांब काही नको. म्हणून रिसिव्हर माणसांच्या डोक्यापेक्षा उंच ठेवायचा.

सगळ्यात सोपी सुधारणा म्हणजे रिसिव्हर मिक्सरजवळून उचलून स्टेजजवळ नेणं. लोक अँटेनाची केबल लांबवतात. ते करू नका. पातळ अँटेना केबलच्या दहा मीटरमध्ये या फ्रिक्वेन्सीला अर्ध्याहून जास्त सिग्नल जिरतो. उलट रिसिव्हरपासून मिक्सरपर्यंतची एक्सएलआर ऑडिओ केबल तीस मीटर असली तरी तक्रार करत नाही. चोवीस मीटरवरचा रिसिव्हर मी सहा मीटरवर आणला. अंतर चौथ्या हिश्श्यावर आलं की मोकळ्या जागेत सिग्नलची शक्ती सोळा पट होते. रुपया खर्च नाही. मात्र अगदी स्टेजवर माईकला खेटूनही ठेवू नका. तीनेक मीटर तरी अंतर असू द्या, नाहीतर रिसिव्हरच गुदमरतो.

दोन अँटेना असतील तर त्या व्ही आकारात उघडा. त्या शोभेसाठी नसतात. भिंतीवर आपटून परत आलेली लहर काही ठिकाणी मूळ लहरीला मारून टाकते, तिथे माईक क्षणभर मरतो. एका अँटेनाला असं झालं तर दुसरी सावरून घेते. ५४० मेगाहर्ट्झची लहर साधारण ५५ सेंटीमीटर लांब असते. त्याचा निदान चौथा हिस्सा, म्हणजे वीतभराहून कमी, एवढं अंतर दोन अँटेनांत हवंच. जास्त असेल तर उत्तम.

माईक धरण्याचीही पद्धत आहे. बऱ्याच हँड माईकची अँटेना खालच्या टोकाला असते. गाणारी मंडळी नेमकी तिथेच मूठ आवळतात. त्यांना प्रेमानं सांगा. कॉलरच्या ट्रान्समीटरची लोंबती वायर हीसुद्धा अँटेनाच असते. ती गुंडाळून खिशात कोंबू नका, सरळ लोंबू द्या. आणि ट्रान्समीटर रिसिव्हरच्या बाजूच्या कमरेला लावा.

कार्यक्रमाच्या दिवशी

आता क्रम सांगतो. हा मी काकांच्या पेटीच्या झाकणावर आतून चिकटवलाय.

हॉलमध्ये एलईडी स्क्रीन, लाइट, वायफाय, जे जे कार्यक्रमात चालू राहणार ते सगळं आधी चालू करायचं. आपले माईक सगळे बंद. मग रिसिव्हरवर स्कॅन घ्यायचा. स्कॅन नसेल तर निदान प्रत्येक रिसिव्हरच्या काड्या बघायच्या. माईक बंद असताना काडी दिसली तर ती जागा आधीच कुणीतरी धरलीय. फ्रिक्वेन्सी बदला.

मग आराखड्याप्रमाणे एकेक माईक चालू करायचा आणि चालूच ठेवायचा. सगळे चालू झाले की उलटी तपासणी करायची. बाकी सगळे चालू, फक्त एक बंद. त्याच्या रिसिव्हरवर काडी दिसते का? नाही? मग तो परत चालू, पुढचा बंद. माझ्याकडून त्या दिवशी ही दोन मिनिटांची तपासणी राहिली.

मग एकानं माईक घेऊन, काहीतरी बोलत, बोलणारी माणसं जिथे जिथे जाणार तिथे तिथे फिरायचं. स्टेजच्या कोपऱ्यात, पायऱ्यांवर, प्रेक्षकांत. दुसऱ्यानं कानाला हेडफोन लावून ऐकायचं.

बॅटरी दर कार्यक्रमाला ताजी. अर्धी उरलेली रिमोटला वापरा. टेबलावर माईक ठेवायचेच असतील तर हातभर अंतरानं ठेवा. सेटमध्ये शक्ती कमी करायची सोय असेल तर छोट्या हॉलमध्ये कमीच ठेवा. सगळ्यांनीच जोर लावला की मिश्रणंही जोर धरतात. आणि ज्याचं बोलणं संपलं त्याचा माईक खरोखर बंद करायचा असेल तर आधी मिक्सरवर त्याचा फेडर खाली घ्या, नाहीतर बंद करताना स्पीकरमधून धाडकन आवाज येईल.

शेवटचं काकांचं. स्टेजच्या कडेला एक वायरचा माईक, स्टँडवर, चालू स्थितीत, कायम. काका म्हणतात, हॉटेलात जेवा, पण घरचा डबा जवळ असू द्या. त्या दिवशी तो तिथे होता. पण तो नेऊन बाईंच्या हातात द्यावा हे मला सुचलं नाही. मी फेडर वर-खाली करत बसलो. उपकरण बिघडलं की बोलणाऱ्याला थांबवायला आपल्याला लाज वाटते. पण "बाई, एक मिनिट" एवढं म्हटलं असतं तर ती गोष्ट चारशे लोकांनी ऐकली असती.

दिवाळीत मी बाईंच्या घरी गेलो. काय झालं होतं ते सांगितलं, माफी मागितली. कागदावर ५४०, ५४१, ५४२ लिहून दाखवलं आणि ते दुप्पट वजा वगैरे समजावू लागलो. बाईंनी पेन माझ्या हातातून घेतलं. म्हणाल्या, "अरे, ही अंकगणिती श्रेढी आहे. मधल्या पदाची दुप्पट म्हणजे दोन्ही बाजूंच्या पदांची बेरीज. दहावीला शिकवलंय तुला." खरंच की. मधल्याच्या दुपटीतून एक बाजू वजा केली की दुसरी बाजू येणारच. समान अंतरावर बसवलेल्या तीन माईकना सुटकाच नाही. जे बाईंनी शिकवलं होतं तेच मी विसरलो होतो, आणि ते विसरल्यामुळे त्यांचाच आवाज गेला.

मग मी विचारलं, त्या दिवशी वर्गात काय झालं होतं? बाईंनी सांगितलं. व्हरांड्यात बसून, चहा घेत, अगदी हळू आवाजात. ती गोष्ट मी इथे सांगणार नाही, ती त्यांची आहे. पण ती त्यांना चारशे जणांना सांगायची होती आणि मला एकट्यालाच ऐकायला मिळाली, हे काही बरं झालं नाही.

तेव्हा पुढच्या वेळी तुमच्या हातात मिक्सर असेल तर आदल्या दिवशी कागद घ्या, आकडे मांडा आणि अंतरं सारखी नाहीत ना ते बघा. दहा मिनिटांचं काम आहे. तुमच्याकडे किती माईक आहेत आणि कुठल्या फ्रिक्वेन्सीवर, ते लिहून पाठवा, मी हिशोब करून देतो. पुढच्या भागात स्पीकरमधून येणाऱ्या कुईंकडे वळू, त्याचं कारण अगदी वेगळं आहे. भेटू.